लेकराचे वजन ग्रामसभेत वाचा

नीटचा निकाल लागला की लातूर आणि नांदेडचे चौक गुणवंतांच्या फलकांनी भरून जातात. ‘लातूर पॅटर्न’ने मराठवाड्याच्या या कोपऱ्याला राज्यभर नाव मिळवून दिले. लेकराच्या शिकवणीची फी भरता यावी म्हणून इथले आईबाप पोटाला चिमटा घेतात, कर्ज काढतात. या जिद्दीचे मोल मोठे आहे आणि म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्या मेंदूच्या बळावर ही परीक्षा द्यायची, त्याची घडण बहुतांशी मूल दोन वर्षांचे होईपर्यंत होऊन जाते. आईच्या पोटातले नऊ महिने आणि जन्मानंतरची दोन वर्षे, असे हे साधारण हजार दिवस. या दिवसांत अंगी काय लागले, त्यावर मुलाची उंची, आजाराशी झुंजण्याची ताकद आणि शिकण्याची कुवत ठरते. इथल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. सोयाबीन फुलोऱ्यात असताना पावसाने ताण दिला, तर पुढे कितीही बरसला तरी शेंग भरत नाही. नेमक्या याच दिवसांत आपल्या वाड्या-तांड्यांवरची हजारो लेकरे अर्धपोटी आहेत, आणि त्यांच्यासाठी कुठल्याही चौकात फलक लागत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची फेरी सांगते की, महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातील ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या फेरीत हे प्रमाण ३४.४ टक्के होते. उंचीच्या मानाने अतिशय कमी वजन असलेल्या, म्हणजे तीव्र कुपोषित मुलांचे प्रमाण याच काळात ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेले. रक्तक्षय असलेली मुले ५३.८ टक्के होती, ती ६८.९ टक्के झाली. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या महिलांमध्ये रक्तक्षय ४८ वरून ५४.२ टक्क्यांवर पोहोचला. या पाच-सहा वर्षांत पोषण अभियान सुरू झाले, दर सप्टेंबरला पोषण महिना साजरा होऊ लागला, अंगणवाडी ताईंच्या हाती मोबाइल आले. उंचीचा आणि वजनाचा आकडा मात्र सुधारला नाही आणि रक्ताचा तर बिघडला. राज्यातील दवाखान्यांत होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण ९४ टक्क्यांवर गेले आहे. म्हणजे बाळ जगात सुखरूप आणण्यापर्यंत आपण पोहोचलो, त्याला धड वाढवण्यापाशी अडलो.

सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळे होती. देशभर संतापाची लाट उसळली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, औषधे आणि मनुष्यबळाच्या तुटवड्यावर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. त्या बाळांच्या मृत्यूची कारणे हा वैद्यकीय चौकशीचा विषय आहे. पण त्या गदारोळातून एक मोठा प्रश्न सुटून गेला. आपल्या जिल्ह्यातल्या गरोदर बाया नऊ महिने काय खातात, त्यांचे वजन किती वाढते, आणि अडीच किलोपेक्षा हलकी बाळे कुठल्या गावांत जन्मतात, याचा हिशेब कोणी मागितला नाही. दवाखान्याच्या दारात मरण दिसते, म्हणून आपण हादरतो. घरात हळूहळू होणारी झीज दिसत नाही, म्हणून आपण गप्प राहतो.

कुपोषण म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मेळघाट आणि जव्हार-मोखाडा येतात. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या बालमृत्यूंनी राज्य हलले होते. नांदेड जिल्ह्यात हा शब्द निघाला की बोट किनवटकडे जाते. किनवटच्या आदिवासी गावांना मदतीची गरज आहेच. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून आदिवासी क्षेत्रातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे ताजे जेवण मिळते, लहान मुलांना अंडी-केळी मिळतात. पण मुखेड, कंधार, लोह्याच्या तांड्यांवर किंवा लातूर जिल्ह्यातल्या जळकोट-अहमदपूरच्या डोंगरपट्ट्यात ही योजना नाही, कारण नकाशावर ते अनुसूचित क्षेत्र नाही. भुकेला अनुसूची कळत नाही. साखर कारखाने, बाजार समित्या आणि महाविद्यालयांच्या जिल्ह्यात कुपोषण असेल, हे आपल्याला खरे वाटत नाही. त्यामुळे ते शोधलेही जात नाही.

वजनाच्या दिवशी कुठल्याही तांड्यावरच्या अंगणवाडीत तासभर बसून पाहावे. पावणेदोन वर्षांचे लेकरू काट्यावर बसायला तयार नसते, रडून आकांत करते. त्याच्या मुठीत पाच रुपयांचे कुरकुरीत खाऊचे पाकीट असते, सकाळपासून तेच चाललेले. ताई त्याच्या डाव्या दंडाभोवती पट्टी गुंडाळते. साडेबाराच्या पुढे हिरवा, साडेअकरा ते साडेबारा सेंटिमीटर पिवळा, त्याच्या आत लाल. पट्टी पिवळ्यात थांबते. आजी म्हणते, “आमच्या घरात समदेच बारकं हैत, बाई. त्याचा बाप बी असाच व्हता.” आजीला यात चिंतेचे काही वाटत नाही, कारण शेजारच्या घरातली लेकरेही त्याच उंचीची असतात. सगळेच खुंटलेले असले की खुंटणे नजरेत भरत नाही. आता लेकराच्या आईकडे पाहावे. वय एकोणीस-वीस, वजन चाळीस किलोच्या आत-बाहेर, आणि पोटात दुसरे बाळ. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भाकरी आणि ठेचा, रात्री सगळ्यांची जेवणे झाल्यावर जे उरले ते. गरोदरपणात जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अवघड जाईल, अशी भीती तिला घरातूनच घातलेली असते. दहा-बारा किलो वाढायला हवे तिथे तिचे वजन पाच-सहा किलोंवर अडते. लेकराच्या दंडावरची पट्टी पिवळी येण्याची सुरुवात इथून झालेली असते.

ही आई स्वतःच अजून पुरती वाढलेली नाही. सर्वेक्षणानुसार वीस ते चोवीस वयाच्या महिलांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण शेजारच्या परभणीत ४८ टक्के आणि बीडमध्ये ४४ टक्क्यांच्या आसपास आहे. लातूर-नांदेडची गावे याच सोयरिकीच्या पट्ट्यात येतात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. एका कोयत्याला नवरा-बायको दोघे लागतात, म्हणून मुलीचे लग्न लवकर उरकले जाते. नांदेडच्या सीमेवरची कुटुंबे तेलंगणात आणि वीटभट्ट्यांवर जातात. पाच-सहा महिने लेकरू पालावर, उसाच्या फडात. गावच्या अंगणवाडीच्या पटावर त्याचे नाव असते आणि तिथे ते नसते. जिथे ते असते तिथल्या पटावर त्याचे नाव नसते. सहाव्या महिन्यात वरचे अन्न सुरू करायचे, तेव्हा आई पहाटे चारला फडात गेलेली असते आणि सात-आठ वर्षांची बहीण बाळाला सांभाळत असते. ती त्याला काय भरवणार? राज्यात सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांपैकी पुरेसा आणि चौरस आहार मिळणारी मुले दहांत एकही भरत नाहीत, हे सर्वेक्षणच सांगते.

दुसरीकडे शेत बदलले. ज्या जमिनीत ज्वारी, तूर, मूग, हुलगे, करडई, जवस, अंबाडी एकत्र नांदत होते, तिथे खरिपात नजर जाईल तिथवर सोयाबीन आहे. सोयाबीन घरात शिजत नाही, थेट आडतीवर जाते. लातूर ही डाळींची मोठी बाजारपेठ. इथल्या दालमिलमधून देशभर तूरडाळ जाते. त्याच जिल्ह्यातल्या मजुराच्या घरचे वरण मात्र दिवसेंदिवस पातळ होत गेले आहे. भाजी बाजारातून, तेल बाजारातून, दूध डेअरीला. पैसा हातात आला की पहिला खर्च खताचा, दुसरा दवाखान्याचा, तिसरा लग्नाचा. शेवटी उरले तर लेकराच्या ताटाचा.

हे सारे आजवर कोणाला ठाऊक नव्हते असे नाही, आणि यावर उपाय सापडलेला नाही असेही नाही. उपाय याच मातीत सापडला होता. २००२ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद विभागात, म्हणजे संपूर्ण मराठवाड्यात, विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने कुपोषणाविरुद्ध मोहीम उभी राहिली. तिची तत्त्वे साधी होती. एकही मूल वजनावाचून सुटू द्यायचे नाही. गंभीर श्रेणीतल्या प्रत्येक मुलाला डॉक्टरांनी तपासायचे. आरोग्य खाते आणि अंगणवाडी यांनी एकमेकांकडे बोट न दाखवता एकाच गावात एकत्र काम करायचे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खरा आकडा सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा करायची नाही. या अनुभवातूनच २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बालक आरोग्य व पोषण मिशन जन्माला आले आणि मराठवाड्याची रीत राज्याने स्वीकारली. पुढे २०१२ मध्ये युनिसेफच्या मदतीने मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने राज्याचे पोषण सर्वेक्षण केले. दोन वर्षांखालील मुलांतील खुंटलेपणा २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आल्याचे त्यात आढळले. देशभरातले अभ्यासक तेव्हा महाराष्ट्राकडे पाहत होते. त्यानंतरच्या फेऱ्यांतून ती घसरण पुढे सरकलेली दिसत नाही. ज्या भागाने राज्याला वाट दाखवली, त्याच भागाने ती सोडावी, याहून मोठे दुर्दैव कोणते?

सरकारी योजनेला गावाचे हात लागले की काय होते, याची उदाहरणेही आपल्या आसपास आहेत. बालाघाटच्या पलीकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावच्या अल्पशिक्षित बायांना आरोग्याचे ज्ञान दिले आणि त्यांनीच गावातली बाळे वाचवली. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने ‘भारतवैद्य’ घडवल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरे उभारण्याच्या कामात गावोगावच्या महिलांना पुढे आणणाऱ्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने पुढे दुष्काळाच्या वर्षांत ‘एक एकर शेती’ची कल्पना रुजवली. घरच्या शेतातला अर्धा-एक एकर बाईच्या ताब्यात द्यायचा. त्यात ती घरासाठी धान्य, कडधान्य, भाजीपाला पिकवणार, रासायनिक खतावाचून, थोड्या पाण्यावर, आणि काय पेरायचे ते तीच ठरवणार. या कामाला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मोठी गोष्ट ही की, शेताच्या एका तुकड्याचा निर्णय बाईच्या हाती आला की त्यातले पहिले वाफे मेथी-पालकाचे आणि शेंगभाज्यांचे निघतात. ते घरच्या ताटात येते.

थायलंडने १९८० च्या दशकात हेच केले. दर दहाएक घरांमागे गावातलाच एक स्वयंसेवक नेमला, लेकरांची वजने गावासमोर मांडली, आणि काय कमी पडते ते गावानेच ठरवले. दशकभरात तिथले कुपोषण निम्म्याहून खाली आले. तो देश तेव्हा श्रीमंत नव्हता. त्याने कुपोषण ही गावाची अडचण मानली आणि ती सोडवण्याचे अधिकार गावाला दिले.

आपण काय केले? गावाची गोष्ट पाकिटात बंद केली. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरपोच आहाराची पाकिटे दिली जातात. ती अनेक घरांत मुलांना आवडत नाहीत आणि शेवटी गुराढोरांपुढे जातात, हे गावात कोणालाही विचारावे. या पुरवठ्यात ठेकेदार नकोत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावले होते. तरीही महिला मंडळांच्या आडून मोठ्या पुरवठादारांनी हातपाय पसरले. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाला राज्याची निविदा प्रक्रिया पुन्हा रद्द करावी लागली. पूरक आहारासाठी २०१७ मध्ये ठरलेला दर असा आहे: एका मुलाला दिवसाला ८ रुपये, गरोदर मातेला साडेनऊ, तीव्र कुपोषित मुलाला १२. आज एका अंड्याचा भाव काय आहे, ते दुकानात विचारून मग हे आकडे पुन्हा वाचावेत.

आणि हे सारे ज्यांच्या खांद्यावर उभे आहे, त्या अंगणवाडी ताई आणि मदतनीस? मानधनासाठी त्यांना डिसेंबर २०२३ पासून दीड महिन्याहून अधिक काळ संपावर जावे लागले. त्यांचा दिवस नोंदवह्यांत आणि मोबाइलवर माहिती भरण्यात जातो. गृहभेटीला, आईला समजावून सांगायला वेळ उरत नाही. त्यातही लाल पट्टीतले मूल नोंदवले की वरून विचारणा होते, बैठकीत बोलणी बसतात. मग पुढच्या महिन्यात आकडा आपोआप कमी होतो. सर्वेक्षण तीव्र कुपोषणाचे प्रमाण १०.९ टक्के सांगते आणि अंगणवाडीच्या मासिक अहवालांत ते एक-दोन टक्क्यांच्या घरात दिसते. मोजण्याच्या पद्धतीतला फरक मान्य केला तरी एवढी दरी त्याने भरून निघत नाही. जे मूल कागदावर कुपोषित नाही, त्याला ना ग्राम बालविकास केंद्रात जागा मिळते, ना तालुक्याच्या बाल उपचार केंद्रात, ना जिल्ह्याच्या पोषण पुनर्वसन केंद्रात. खोटा आकडा लेकराच्या तोंडचा घास काढून घेतो.

म्हणून आमची मागणी सरकारकडे आहे, तशीच गावाकडेही आहे.

पहिली मागणी: प्रत्येक ग्रामसभेत गावातल्या पाच वर्षांखालील मुलांच्या पोषणाचा ताळेबंद वाचला जावा. मुलांची नावे जाहीर करण्याची गरज नाही, घराला बट्टा लावायचा नाही. किती मुले हिरव्यात, किती पिवळ्यात, किती लाल, किती गरोदर माता जोखमीच्या, किती बाळे हलक्या वजनाची जन्मली, आणि गेल्या ग्रामसभेपासून काय बदलले, एवढे सांगावे. रस्ता, गटार, घरकुल यांची यादी वाचणाऱ्या गावाला आपल्या लेकरांची संख्या ऐकणे जड जाऊ नये. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. गाव आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीलाही दरवर्षी निधी मिळतो. त्यातून अंडी, शेंगदाणे, गूळ, तेल घेता येते आणि फडावरून परतलेल्या कुटुंबांच्या लेकरांसाठी महिनाभर चार वेळचे खाणे चालवता येते. हा पैसा सतरंज्या आणि सत्कारांवर जात असेल, तर सरपंचाला जाब विचारणारी पहिली माणसे बचत गटाच्या बाया असाव्यात.

दुसरी: पाकिटाऐवजी ताजे अन्न, आणि तेही गावच्या बचत गटाच्या चुलीवरचे. ज्वारी, मूग, तूर, तीळ, शेवगा, अंबाडी हे आपले अन्न आहे. सगरोळीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्था जिल्ह्यात आहेत. त्यांनी प्रत्येक अंगणवाडीला आणि प्रत्येक गरोदर मातेच्या घराला परसबागेचे बियाणे पोहोचवण्याची जबाबदारी घ्यावी. अमृत आहाराचे ताजे जेवण आदिवासी क्षेत्राबाहेरच्या स्थलांतरित तालुक्यांतही द्यावे. दर आठ रुपयांवर ठेवून हे होणार नाही, म्हणून राज्याने आपल्या तिजोरीतून भर घालावी.

तिसरी: आकडा वाढला म्हणून कोणत्याही ताईला नोटीस जाऊ नये. लाल पट्टीतली मुले शोधून काढणारी अंगणवाडी हीच चांगली अंगणवाडी, असा लेखी आदेश दोन्ही जिल्हा परिषदांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी काढावा. वर्षातून एकदा वजनांची पडताळणी बाहेरच्या यंत्रणेकडून व्हावी. लातूर आणि नांदेड या दोन्ही ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथले विद्यार्थी पंचवीस किलोमीटरवरच्या तांड्यावर जाऊन वजने घेतील, तर त्यांचेही शिक्षण होईल.

चौथी: घरातल्या पुरुषांकडे. सासूला दोष देऊन पुरुषांना मोकळे होता येणार नाही. बायको गरोदर असताना तिचे ताट आधी वाढले जाते का, मोटारसायकलच्या हप्त्याइतकी काळजी तिच्या लोहाच्या गोळीची घेतली जाते का, आणि मुलीचे लग्न अठराच्या आत ठरवणाऱ्या बैठकीत कोण बसलेले असते, याची उत्तरे त्यांनीच द्यायची आहेत.

आठ तासांच्या शिकवणीने जे साधत नाही, ते सहाव्या महिन्यापासूनच्या वाटीभर घट्ट वरणाने आणि एका अंड्याने साधते. लातूर पॅटर्नचे खरे पहिले वर्ष तिथे सुरू होते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. त्याच तारखेला राज्यभर ग्रामसभा भरतात आणि त्यानंतर काही दिवसांतच कोयत्यांच्या गाड्या गाव सोडतात. म्हणून येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक सरपंचाने विषयपत्रिकेवर पहिला विषय हाच ठेवावा: गावातली किती लेकरे कमी वजनाची आहेत, त्यांतली किती ऊसतोडीला जाणार आहेत, आणि ती परत येईपर्यंत त्यांच्या अन्नाची जबाबदारी कोण घेणार. ग्रामसेवकाने ठराव इतिवृत्तात लिहावा, गटविकास अधिकाऱ्याने तो मागवून घ्यावा. ज्या गावात हा विषय निघणार नाही, तिथे एखाद्या आईने उभे राहून तो विचारावा. ग्रामसभेत प्रश्न विचारण्याचा अधिकार तिला कायद्याने दिलेला आहे.